किल्लीला बांधलेली फळी

दीपमाला पगारेबद्दल लिहायचं तर आधी माझ्या अक्षराबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच मला स्वतःचा राग यायला लागतो.

माझं अक्षर सुंदर आहे. पंचवटीच्या पुढे, मखमलाबादच्या बाजूला एका खाजगी प्राथमिक शाळेत मी एकोणतीस वर्षं नोकरी केली. शाळेचं नाव लिहीत नाही. त्या शाळेत भिंतीवर, फळ्यावर, पडद्यावर जे जे लिहिलं गेलं ते माझ्या हातचं. रोजचा सुविचार देवरे बाई. स्नेहसंमेलनाचा पडदा देवरे बाई. 'येथे थुंकू नये' हेसुद्धा देवरे बाईच. "साधनाबाई, जरा दोन ओळी लिहून द्या," असं कुणी म्हटलं की मी फुलून जायची. काय लिहायचं, कशासाठी लिहायचं, हे मी कधी विचारलं नाही. अक्षर छान आलं की माझं काम झालं, अशी माझी समजूत होती.

१९९८च्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापकांनी, अहिरराव सरांनी, मला एक पत्र्याची पाटी आणून दिली आणि तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' असं लिहायला सांगितलं. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहीत होते. संस्थेचे अध्यक्ष पुण्याला कुठल्याशा इंग्रजी शाळेत जाऊन आले होते, तिथे त्यांनी अशी खोली पाहिली, आणि आता आपल्या माहितीपत्रकातही ती पाहिजे होती. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. लेझमी, फुटका ढोल, झेंड्याच्या काठ्या आणि संमेलनाचे पुठ्ठ्याचे मुकुट तसेच ठेवून मध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या घातल्या. दारावर माझ्या अक्षरातली पाटी लागली आणि अध्यक्षांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मग त्या खोलीत बसवायला माणूस आणला, तो म्हणजे दीपमाला. वय सव्वीस. नाशिकरोडला वसाहतीत राहायची, वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, समाजकार्याची पदवी घेतलेली. हातात वडिलांचं जुनं मोठं घड्याळ, साडीला चार पिना, खांद्याला झोळी, आणि चालणं असं की फकिरामामा शिपाई म्हणायचा, "मॅडम, तुमच्या मागं कोन लागलंय का?" तिच्या आडनावावरून स्टाफरूममध्ये जे बोलायचं ते पहिल्याच आठवड्यात तिच्या मागे बोलून झालं. त्यात मी नव्हते असं म्हणायला मला आवडलं असतं. मी ऐकत होते, आणि डबा खात होते.

तिची नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होती. काम काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी शिक्षक रजेवर असला की तिला त्याच्या वर्गावर पाठवायचे. मतदार याद्या, पोलिओ, सगळीकडे पगारे मॅडम. उरलेल्या वेळात समुपदेशन.

आणि ते समुपदेशन आमच्या शाळेनं कसं चालवलं, ते ऐका. आमच्याकडे परिपाठ झाला की माइकवरून नावं वाचायची पद्धत होती. फी राहिलेल्यांची नावं, उशिरा येणाऱ्यांची नावं, नखं वाढलेल्यांची नावं, डोक्यात उवा असलेल्यांची नावं. सातशे पोरांसमोर. अहिरराव सरांना वाटलं, त्यात आणखी एक यादी घातली की समुपदेशन सुरू झालं. म्हणून ते वाचायचे, "आज समुपदेशन कक्षात जाणारे विद्यार्थी. अश्विन, दुसरी अ, चोरी करणे. जीवन, चौथी क, बोलताना अडखळणे." नाव, वर्ग आणि कारण. आठ दिवसांत पोरांनी त्या खोलीचं नाव 'येड्यांची खोली' पाडलं. ज्याचं नाव पुकारलं जाई ते पोर जिन्यापर्यंत जाऊन रडत परत येई.

दीपमाला सरांकडे गेली. मी तेव्हा हजेरीपटावर सही करायला तिथेच उभी होते.

"सर, नावं माइकवर वाचू नका. मी वर्गात जाऊन बोलावून घेईन."

"लपवायचं काय त्यात?" सर म्हणाले. "शिस्तीचा भाग आहे. बाकीच्यांनाही वचक बसतो."

दीपमाला रागावली की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. "वचक बसवायला मी नाहीये, सर," ती इतक्या हळू म्हणाली की सरांना "काय?" असं विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ती खोली सोडली. मधल्या सुट्टीत एक लेझीम घेऊन अंगणातल्या नळापाशी पायरीवर बसू लागली. लेझमीच्या निसटलेल्या चकत्या तारेत ओवत बसायची. पोरं काय, कुणी काही दुरुस्त करत बसलेलं दिसलं की गोळा होतातच. कुणी चकत्या वेचून देई, कुणी तार धरी, आणि हात गुंतले की तोंडं सुटायची. जीवन तिच्याशी बोलताना फारसा अडखळायचा नाही, हे मी स्वतः पाहिलं. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघायचो आणि हसायचो. "पगार समुपदेशकाचा आणि काम लोहाराचं," असं मीच म्हणाले होते. सगळे खूप हसले होते.

त्या पायरीवर बसून तिच्या एक गोष्ट लक्षात आली, जी वर्षभरात माझ्या लक्षात आली नव्हती. एक दिवस ती मला म्हणाली, "बाई, मुली नळावर येतात, हात धुतात, डबा धुतात. पाणी पीत नाहीत. मी आज मोजलं. मुलगे ओंजळीनं पितात, मुली चूळ भरून टाकतात. का हो?"

मी म्हटलं, "घरून पिऊन येत असतील."

मला कारण माहीत होतं. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. आता तेच सांगते.

आदल्या वर्षी एका देणगीदारानं मुलींसाठी नवीन मुतारी बांधून दिली होती. गुलाबी टाइल्स, आत नळ, वर संगमरवरी फलक, 'कन्या स्वच्छतागृह'. उद्घाटन झालं, आणि पंधरा दिवसांत सरांनी तिला कुलूप घातलं. कारण शहरातल्या शाळांची स्वच्छ शाळा स्पर्धा येणार होती आणि टाइल्स खराब व्हायला नको होत्या. किल्ली सरांच्या टेबलावर. ती हरवू नये म्हणून तिला दोरीनं एक लाकडी फळी बांधली होती, चांगली वहीएवढी. ज्या मुलीला जायचं असेल तिनं वर्गात हात वर करायचा, बाईंची परवानगी घ्यायची, मग ऑफिसात जाऊन सरांसमोर आणि क्लार्कसमोर किल्ली मागायची. सर विचारणार, "एकी की दुकी? मघाशी सुट्टीत काय झोपली होतीस?" मग ती फळी हातात धरून आख्खं मैदान ओलांडायचं, आणि मैदानात मुलांचा खेळाचा तास चाललेला. फळीवर लाल ऑइलपेंटनं ठळक लिहिलेलं, 'मुली'.

ते अक्षर माझं. वळणदार, खाली छान रेघ मारलेली. सरांनी फळी आणून दिली, मी लिहून दिलं.

म्हणून मुली जायच्याच नाहीत. सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत आणि साडेपाचला शाळा सुटली की पळत सुटायच्या. आम्हा शिक्षिकांचं काय? आमच्याकडे दुसरी किल्ली होती. स्टाफरूमच्या खिळ्याला अडकवलेली. तिला फळी नव्हती.

तेजल माझ्या वर्गात होती. तिसरी ब. बाप मल्हारी, मळ्यात झेंडू आणि गुलाब करायचा. आई पहिल्या बाळंतपणातच गेलेली, आजीनं वाढवलेली पोर. पहाटे आजीबरोबर फुलं तोडून, अंघोळ करून, डोक्याला तेल थापून साडेअकराला वर्गात हजर. बुद्धी तल्लख. पाढे तोंडपाठ, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मान खाली. सरांसमोर उभं राहून किल्ली मागणं तिला या जन्मी जमणारं नव्हतं. डिसेंबरमध्ये एका दुपारी तिनं वर्गात बसल्या जागी कपडे ओले केले.

मी काय केलं ते लिहिते. मी तिला जवळ घेतलं नाही. मी ओरडले. कोपऱ्यातलं पोतेरं तिच्या हातात दिलं आणि सगळ्या वर्गासमोर फरशी पुसायला लावली. शिस्त. त्या दिवसापासून पोरं तिला 'गळकी टाकी' म्हणू लागली. महिन्याभरात आणखी दोनदा तसंच झालं, आणि मी दोन्ही वेळा ऑफिसात जाऊन तक्रार केली.

शेवटच्या तक्रारीनंतर दुसऱ्याच दिवशी परिपाठ झाल्यावर माइकवर आलं, "तेजल मल्हारी, तिसरी ब, वर्गात कपडे ओले करणे."

सातशे पोरं हसली. एक-दोन शिक्षकही हसले. ती पोर रांगेत उभीच राहिली, आपल्या पायांकडे बघत. नंतर पुन्हा ओली झाली, तिथेच, मातीत. दीपमाला रांगेतून चालत गेली, तिनं आपल्या खांद्यावरची झोळी पोरीच्या पुढे धरली आणि तिला घेऊन गेली. मग ती सरळ ऑफिसात शिरली. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"त्या मुलीला काही झालेलं नाही, सर. कुलूप काढा."

"मॅडम, तुम्हाला मुलगी समजवायला ठेवलंय, इमारत नाही."

"मुलीला काय समजावू? लघवी लागू देऊ नकोस म्हणून सांगू?"

"भाषा सांभाळा," सर म्हणाले. "तुमच्या वस्तीत चालत असेल असं बोलणं. ही शाळा आहे."

त्यावर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कारण तिचा आवाज फारच खाली गेला होता. पण बाहेर आली तेव्हा सरांचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं अर्ज लिहिला. आठ दिवसांनी दुसरा लिहिला. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं, 'विषय समुपदेशकाच्या कार्यकक्षेत येत नाही.' ते उत्तरही माझ्याच अक्षरात होतं. क्लार्कचं अक्षर वाईट होतं ना.

जानेवारीत सरांनी तेजलच्या घरच्यांना बोलावलं. बाप बाजारात होता, म्हणून आजी आली. सुलाबाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पोरांना वाटायला आणलेली बोरं. सर सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "तुमच्या मुलीचा डोक्याचा प्रॉब्लेम आहे. तिला वेगळ्या शाळेत घाला. दाखला घेऊन जा."

म्हातारीला कळेना. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. "आवो सायेब, घरी तर नाय करत ती असं. अजून येक दिवस हातरून वलं केलं नाय तिनं. मळ्यात माझ्यासंगं दिसभर असती. हितंच काय व्हतं माझ्या पोरीला?"

हितंच काय होतं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं एका वाक्यात नेमकं बोट ठेवलं. आम्ही दहा-बारा डी.एड. झालेली माणसं खाली बघत होतो. एकटी दीपमाला म्हणाली, "आजी, तुमच्या नातीला काही झालं नाही. दाखला घेऊ नका. मी बघते."

सर हसले. म्हातारी गेल्यावर त्यांनी दीपमालापुढे कोरा कागद ठेवला. अहवाल लिहा. मुलगी मंदगती आहे, सर्वसाधारण वर्गात बसण्यायोग्य नाही. तुमची सही असली की बाकीचं आम्ही बघू. मे महिन्यात तुमची ऑर्डर संपते, नवीन ऑर्डरचं अध्यक्षांशी बोलतो.

तिनं कागदाची घडी केली आणि झोळीत टाकली. कोरा कागद शाळेचा आहे असं क्लार्क म्हणाला, तेव्हा तिनं तो परत टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली.

मग दोन फेब्रुवारी उजाडली. मधली सुट्टी व्हायची वेळ झाली, पण घंटा होईना. फकिरामामा घंटेचा लोखंडी दांडा शोधत व्हरांड्यातून फिरत होता. दांडा दीपमालाकडे होता. ती मैदान ओलांडून त्या गुलाबी टाइल्सच्या दारापाशी गेली होती आणि कुलपावर घाव घालत होती. आम्ही खिडकीला चिकटलो. चार घावांत काही झालं नाही. तिनं साडीचा पदर कमरेला खोचला, पुन्हा सुरुवात केली. आठव्या का नवव्या घावाला कोयंडाच उखडला. तिनं दार सताड उघडलं, दांडा फकिरामामाला नेऊन दिला आणि म्हणाली, "आता द्या घंटा."

स्पर्धेची माणसं त्याच आठवड्यात यायची होती, म्हणून सरांना आरडाओरडा करता येईना. सगळं शांतपणे मिटवायचं ठरलं. सुतार मिळेपर्यंत दार उघडं राहिलं. अकरा दिवस.

ते अकरा दिवस मी पाहिले आहेत. पहिल्या दिवशी मुली घाबरत घाबरत गेल्या, दोघी-दोघींनी हात धरून. तिसऱ्या दिवशी नळावर मुलींची रांग लागली. पाणी प्यायची रांग. आमच्या शाळेत मी पहिल्यांदा पाहिली. मुली ओंजळी भरभरून पाणी पीत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या. दीपमाला पायरीवर बसून लेझमी ओवत होती. तेजल तिच्याजवळ उभी राहून चकत्या देत होती आणि बोलत होती. इतकं बोलताना मी तिला वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

त्या अकरा दिवसांत तेजल वर्गात एकदाही ओली झाली नाही. एकदाही. ती माझ्या वर्गात होती, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचते आहे.

स्पर्धेची माणसं आली, दार तेवढ्यापुरतं धुऊन-पुसून ठेवलं होतं. त्यांनी टाइल्सना हात लावून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं, नारळपाणी पिऊन गेली. आमच्या शाळेला दुसरं बक्षीस मिळालं. दुसऱ्याच दिवशी सुतार आला, नवा कोयंडा बसला, मोठं कुलूप लागलं आणि फळी पुन्हा टेबलावर आली.

मग सरांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही वर्गशिक्षिका. समुपदेशक लिहीत नाहीत तर तुम्ही लिहा. तुम्हाला तर मुलगी रोज दिसते. आणि तारीख जानेवारीची टाका."

मला धमकी दिली असती तर आज सांगायला तोंड असतं. सरांनी धमकी दिली नाही. माझी नोकरी कायम होती, जाणार नव्हती. नवरा कमावता होता. कुणाच्या आजारपणाचं, कुणाच्या लग्नाचं कारण नव्हतं. त्यांनी 'लिहा' म्हटलं आणि मी लिहिलं, इतकंच. मी पेनमध्ये शाई भरली. समास सोडला. 'सदर विद्यार्थिनीची आकलनशक्ती मंद असून तिला स्वच्छतेच्या सवयी नाहीत. सबब ती सर्वसाधारण वर्गात बसण्यायोग्य नाही.' खाली सही, साधना देवरे. सर म्हणाले, "वा! मोत्यासारखं अक्षर."

सुलाबाईंनी दाखल्यावर अंगठा उठवला. तेजल दाराबाहेर उभी होती. दाखल्याच्या शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अहवालातली एक ओळ आली होती.

दीपमालावर कारवाई झाली. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान. आणि त्या ठरावात एक वाक्य होतं जे आठवलं की माझं डोकं फिरतं: 'सदर कर्मचाऱ्याचा मानसिक तोल ढळलेला दिसतो.' ठरावावर चौदा सह्या होत्या. तिसरी माझी.

ती गेली त्या दिवशी स्टाफरूममध्ये आली. कुणाशी भांडली नाही. भिंतीवर खिळ्याला अडकवलेली ती बिनफळीची किल्ली तिनं काढली, तळहातावर घेऊन बघितली आणि पुन्हा जागच्या जागी अडकवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग गेली. समुपदेशन कक्षाची पाटी पुढच्या माहितीपत्रकाच्या फोटोसाठी ठेवली होती. खोलीत पुन्हा फक्त मुकुट उरले.

२००५ साली अहिरराव सर निवृत्त झाले आणि ज्येष्ठतेनं मी मुख्याध्यापिका झाले. चार्ज घेताना क्लार्कनं सामानाची यादी वाचली. खुर्च्या इतक्या, कपाटं इतकी, घंटा एक, मुलींची फळी एक. पहिल्याच दिवशी मी फकिरामामाला हाक मारली आणि कुलूप काढायला सांगितलं. त्यानं काढलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कुणी विरोध केला नाही, संस्थेतून फोन आला नाही, आभाळ कोसळलं नाही. टाइल्स खराब झाल्या, मग आम्ही त्या धुतल्या. दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी मुलींच्या आठ तुकड्या तहानलेल्या शाळेतून गेल्या. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यावर, भांड्यांवर, दिसेल त्यावर ओरडत सुटले.

आणि तरी माझा मूर्खपणा संपला नाही. मला वाटलं, मी मोठं काम केलं. दीपमालाला सांगायला पाहिजे. पत्ता शोधायला दोन वर्षं गेली. ती पेठच्या बाजूला आश्रमशाळांमध्ये काम करत होती, मुलामुलींशी बोलायचंच काम. सुट्टीत नाशिकरोडला आली होती. मी पेढे घेऊन गेले. हो, पेढे!

केस पिकायला लागले होते. हातात तेच मोठं घड्याळ. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. कुलूप काढलं, फळी जाळली, मुली आता कशा पाणी पितात, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"तेजलला सांगितलंत?" तिनं विचारलं.

"तेजल कुठे असेल आता..."

"फुलबाजारात असते. मी गेले की भेटते तिला." तिचा आवाज खाली गेला, आणि मला तो आवाज ओळखीचा होता. "दाखल्यावरचा शेरा वाचून पुढच्या शाळेत तिला मागच्या बाकावर बसवलं, बाई. पाढे येतात का म्हणून विचारलंसुद्धा नाही कुणी. चौथीनंतर ती गेली नाही. तुम्ही मला का सांगता आहात? माझी नोकरी गेली, दुसरी मिळाली. माझ्याबद्दल काय लिहिलंत ते मी वाचलंय, त्याचं मला काही नाही. तिच्याबद्दल जे लिहिलंत ते तिला जाऊन सांगा. मला नको."

तिनं पेढ्यांचा पुडा उघडला नाही. चहा मात्र पाजला. मी त्या दिवशी चिडूनच निघाले, तिच्यावरही. वाटलं, इतक्या लांब आले, एक शब्द बरा बोलायचा होता. रिक्षात बसल्यावर कळलं की मी अजूनही शाबासकी मागायलाच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फुलबाजारात गेले. मे महिना, ऊन तापलेलं. तेजल गोणपाटावर बसली होती, सोळा-सतरा वर्षांची, समोर झेंडूचा ढीग. हिशेब भराभर चाललेला, तोही तोंडीच, चुकत नव्हता. मला तिनं लगेच ओळखलं. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही?" आणि माझ्या पाया पडली. माझ्या.

मी म्हटलं, "तेजल, मी तुझ्याबद्दल एक खोटं लिहिलं होतं." सगळं सांगितलं. गर्दी होती, गिऱ्हाईक मधे येत होतं, ती फुलं तोलून देत होती आणि ऐकत होती. मी संपवलं तेव्हा तिनं मान हलवली. "माहीत आहे मला. दीपमालाताईंनी सांगितलं होतं. जाऊ द्या."

जाऊ द्या कसं? मला तिनं चिडायला हवं होतं, दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. तिचे ओठ उन्हानं सुकले होते, पांढरे पडले होते. मी आपली पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"किती वाजल्यापासून बसलीस? पी थोडं."

"पहाटे चारपासून," ती म्हणाली. "पण नको, बाई. बाजारात मी पाणी पीत नाय. दुपारी घरी गेल्यावर पिते."

"का गं?"

"बायांना जायला जागा कुठंय इथं." ती झेंडूच्या ढिगावर पाणी शिंपडत होती, फुलं सुकू नयेत म्हणून. "आणि मला काही वाटत नाय आता. सवय आहे. शाळेत लागली ना."